वावरच्या पाड्यांवर आधीचे सिझर

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात वारली, कोकणा, कातकरी बायकांची बाळंतपणे पिढ्यान्‌पिढ्या घरीच, सुईणीच्या हातून होत. अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागे, आणि तोवर अनेकदा उशीर झालेला असे. १९४८मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले, तरी पाड्यांची ही स्थिती पुढे कित्येक दशके फारशी पालटली नाही. १९९२मध्ये वावर-वांगणीत शंभरावर बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कुठे सरकारचे लक्ष इकडे वळले. २००५ची जननी सुरक्षा योजना आणि २०१४मध्ये सुरू झालेली १०८ रुग्णवाहिका यांनी बाळंतपण दवाखान्याकडे नेले. त्यामागोमाग सिझर आले, आणि सिझर झालेल्या बाईची पुढची खेपही.

१८८२मध्ये माक्स झेंगर यांनी गर्भपिशवी नीट शिवण्याची पद्धत मांडली, त्याआधी सिझरनंतर माता क्वचितच वाचत. पुढे छेद पिशवीच्या वरच्या भागाऐवजी खालच्या पातळ भागावर घेतला जाऊ लागला. वरच्या उभ्या छेदाचा व्रण पुढच्या बाळंतपणात शेकडा ४ ते ९ जणींत फाटू शकतो, तर खालच्या आडव्या छेदाचा, कळा येऊ दिल्या तरी, सुमारे २००त एकीचा. म्हणून दवाखान्याच्या कार्डावर छेद कोणता ते लिहिलेले असणे फार महत्त्वाचे. दुसरा धोका वारेचा. वार खाली, जुन्या व्रणावर रुजली तर ती सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि कधी गर्भपिशवीच काढावी लागते. वार खाली असताना असे होण्याचे प्रमाण एका सिझरनंतर सुमारे ११ टक्के, तर दोन सिझरनंतर ४० टक्के आढळले आहे.

शहरात २००त एकीचा धोका पत्करता येतो, कारण शस्त्रक्रियागृह जवळ असते. व्रण फाटला की बाळाचे ठोके मंदावतात, कळा एकाएकी थांबतात, आणि हाती काही मिनिटेच उरतात. जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून गुंतागुंतीची बाई नाशिकला किंवा ठाण्याला पाठवली, तर वेळ तासांत जातो. मुळात अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तेवढाही रक्तस्राव झेपत नाही. त्यात दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. कार्ड पाड्यावर राहते, आणि भट्टीजवळच्या डॉक्टरला आधीच्या छेदाची काहीच माहिती मिळत नाही.

दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर व्रण फाटण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पाळणा लांबवण्याची साधने इथे बाईच्या जिवाशी थेट जोडलेली आहेत. आदिवासी भागांतील माहेरघर योजनेत गरोदर बाईला दिवस भरण्याआधीच आरोग्य केंद्राशेजारी राहता येते. आधी सिझर झालेल्या बाईने मात्र राहायचे ते शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ, आणि वार कुठे आहे ते सोनोग्राफीत आधीच पाहून घेतलेले असावे.