सोयाबीन : काढणीची वेळ व फेरपालट (निगडी-चाकण-खेड पट्टा)

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात खरिपाचे सोयाबीन केव्हा कापावे आणि त्या रानात पुढे काय घ्यावे, याविषयीची नोंद. हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात. प्रत्यक्षात पहिल्याचे उत्तर चुकले की दुसऱ्याचेही चुकते.

खुद्द निगडीत हे पीक आता शोधून सापडायचे नाही. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि गावची शेते सेक्टरांच्या आराखड्यात गेली. सोयाबीन आहे ते चाकणच्या पुढे, खेड, आंबेगाव, जुन्नरकडे. पश्चिमेचा मावळ भाताचा.

काढणी : पेरणी जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा. जेएस ३३५ हा जुना वाण सुमारे ९५ ते १०० दिवसांत, तर राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले संगम (केडीएस ७२६) त्याहून थोडा उशिरा तयार होतो. म्हणजे कापणी नेमकी हस्त-चित्रा नक्षत्रांत, परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. दिवस मोजण्यापेक्षा रान पाहावे : पाने पिवळी पडून गळालेली, ९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी, आणि शेंग कानाशी हलवली तर दाणा आत खुळखुळतो. त्या वेळी दाण्यात साधारण १५ ते १७ टक्के ओल असते.

यापुढे थांबणे महागात पडते. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून कापणी सकाळी, दव असताना करतात. पाऊस लागला तर दाणा काळवंडतो, शेंगेतच कोंब फुटतात. घाईही वाईटच : हिरवट शेंगा कापल्या तर दाणा सुरकुततो. कापलेले पीक दोन-तीन दिवस वाळवून सुडी लावतात, वर ताडपत्री टाकतात. ओल्या पिकाची सुडी आतून तापते, बुरशी धरते. मळणीत दाणा जपावा लागतो, कारण त्याचे साल पातळ असते. बियाण्यासाठी यंत्राचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर ठेवण्याची शिफारस आहे. हमीभावाच्या खरेदीत ओलीची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरून ऑक्टोबरचे हवामान कळावे.

शेंगा तडकण्यावर वाणाचाही इलाज आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस १४०७ तडकत नाही आणि त्याच्या शेंगा जमिनीपासून वर लागत असल्याने तो यंत्राने कापता येतो. गंमत अशी की त्याची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड व ईशान्येकडील राज्यांसाठी आहे.

फेरपालट : या पट्ट्याचे नगदी पीक कांदा, चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठीच नावाजलेला. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने खरिपात सोयाबीन व रब्बीत कांदा हा क्रम फायदेशीर ठरवला आहे. उन्हाळी साठवणीच्या कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात आणि लागण डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला होते, त्यामुळे रान तयार करायला उसंत मिळते. रांगड्या कांद्याची लागण मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरातच असल्याने तो सोयाबीनमागे ओढाताणीनेच बसतो. हरभऱ्याला तर एकेक दिवस मोलाचा : कोरडवाहू रानात तो उरलेल्या ओलीवर उगवतो, आणि सोयाबीन उभे राहिले तेवढी ओल उडते.

सोयाबीनचे बेवड चांगले, ही समजूत खरी आहे, पण अर्धी. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात हे खरे. मात्र त्यातला मोठा वाटा दाण्याबरोबर बाजारात जातो. रानाला मिळते ते गळालेल्या पाल्याचे व मुळांचे. भुसकटही पेटवून दिले तर हिशेब आणखी घटतो. शिवाय सोयाबीन-हरभरा ही दोन द्विदलांची जोडी असून मूळकूज, मानकूज यांच्या बुरशीला दोन्हीही बळी पडतात. म्हणून अधूनमधून मका, ज्वारी किंवा गहू यांसारखे एकदल पीक हवे. अमेरिकेतही मका-सोयाबीनची अदलाबदल रुळलेली आहे.

एक खबरदारी सहसा राहून जाते. सोयाबीनमध्ये तणासाठी सर्रास फवारले जाणारे इमॅझेथापायर जमिनीत रेंगाळते आणि कांदा त्याला नाजूक आहे. पुढे कांदा घ्यायचा तर फवारणीआधीच डब्यावरची पुढील पिकांसंबंधीची मुदत वाचावी.