काका बाप्टिस्टा आणि वकिलाचें दप्तर

महोत्सवाच्या पुस्तिकेंत पूर्वजांचीं नांवें घ्यावयाचीं हा रिवाजच आहे. आणि उत्तर कोकणच्या ह्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजांत राजकारणाची गोष्ट निघाली कीं ओठांवर पहिलें येतें तें काका बाप्टिस्टांचें नांव. परंतु नांव घेणें निराळें व मनुष्य ओळखणें निराळें. लोककारणांत पडलेल्या वकिलाची खरी ओळख त्याच्या दप्तरांत असते, असें आमचें मत आहे. म्हणून काकांचें गुणवर्णन न करितां त्यांच्या कागदांविषयींच येथें लिहितों.

चरित्राची रूपरेषा थोडक्यांत अशी. जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवच्या म्हातारपाखाडींत झाला. घराणें मूळचें भाईंदरजवळील उत्तनचें. पुण्यास इंजिनियरिंग शिकून त्यांनीं सिंधमध्यें जंगलखात्यांत नोकरी केली. पुढें केंब्रिजला विद्याभ्यास करून १८९९ त ते बॅरिस्टर झाले, १९०१ त मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनांत निवडून आले, आणि १९२५ त शहराचे मेयर झाले. १९१० त सावरकरांच्या खटल्यांत बचावाच्या वकिलांत ते होते. २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांवास लोकमान्य टिळकांची होमरूल लीग निघाली, तिचे पहिले अध्यक्ष काकाच. १८ सप्टेंबर १९३० रोजीं ते निवर्तले. के. आर. शिरसाट यांनीं लिहिलेलें त्यांचें इंग्रजी चरित्र १९७४ सालीं प्रसिद्ध झालें आहे.

अशा गृहस्थाच्या घरीं येणारे कागद किती परीचे असावेत! पक्षकारांच्या कैफियती, कॉर्पोरेशनच्या सभांच्या छापील कार्यक्रमपत्रिका, गिरणी कामगारांचे अर्ज, पुण्याहून आलेलीं पत्रें. पण वकिलाचें दप्तर टिकणें कठीण, व त्यास सबळ कारण आहे. पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें उघड करूं नये, आणि हें बंधन काम संपल्यावरही सुटत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें बजाविलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यांतही तें कायम आहे. तेव्हां पुष्कळ सज्जन वकील आपल्या हातानेंच कागद जाळीत, आणि उरलेले कागद चाळण्यास वारस भीत. ह्याबद्दल त्यांना दोष देतां येत नाहीं. मात्र पक्षकाराच्या गुपिताबरोबर गांवचा इतिहासही चुलींत जातो, हें विसरतां येत नाहीं.

मग काकांचा शोध घेणाऱ्यानें जावें कोठें? पुष्कळदां दुसऱ्यांच्या घरीं. होमरूलच्या चळवळींतले त्यांचे सहकारी, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे, यांना रोजनिशी लिहिण्याची संवय होती. त्यांच्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. सरकारी दप्तरही आहेच. पोलिसांनीं ज्यांच्यावर पाळत ठेविली त्यांचीं भाषणें पोलिसांच्याच कृपेनें टिकलीं. विरोधकानें केलेली ही सेवा आमच्या इतिहासास लाभली, हा एक विनोदच म्हणावयाचा.

ह्या सर्वांत आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें ५ जानेवारी १९२० चें एक पत्र. टिळक व त्यांचे सहकारी नवा पक्ष काढण्याच्या बेतांत होते, आणि त्या पक्षासाठीं मुंबईंत इंग्रजी दैनिक निघावयाचें होतें. त्याचें संपादकत्व स्वीकारावें, असें काकांनीं पाँडिचेरीस अरविंद घोष यांना लिहून विचारिलें. अरविंदांनीं नम्रपणें नकार दिला. ब्रिटिश हद्दींत परतण्यास आपण अद्याप तयार नाहीं, ज्या कार्यासाठीं येथें येऊन राहिलों तें अपुरें आहे, आणि स्वराज्य मिळाल्यावर हिंदुस्थान त्याचें काय करील हाच प्रश्न आपणांस अधिक जवळचा वाटतो, असा त्यांचा आशय. हें उत्तर अरविंदांच्या ग्रंथांत छापलेलें आहे. तें वाचणाऱ्यास काकांचा प्रश्न मात्र उत्तरावरूनच ताडावा लागतो. म्हातारपाखाडीच्या एका ख्रिस्ती बॅरिस्टरानें टिळकांच्या पक्षासाठीं बंगालच्या योग्यास हांक मारावी, एवढा मोठा प्रसंग; आणि तो आम्हांस कळावा पाँडिचेरीकडून!

आमच्या धर्मग्रामांतलीं बाप्तिस्म्याचीं व लग्नांचीं पुस्तकें एकामागून एक आलेल्या धर्मगुरूंनीं डोळ्यांत तेल घालून जपलीं. घराघरांतल्या पेट्यांना असा राखणदार नाहीं. पूर्वीं आमच्याच आळींतल्या एका दिवंगत वकिलांच्या घरास रंग लावावयाचा होता, तेव्हां त्यांची पेटी अंगणांत रिकामी झालेली आम्हीं पाहिली. म्युनिसिपालिटीच्या कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा निघाला; समासांत त्यांच्या हातचीं बारीक टिपणें होतीं, कांहीं तांबड्या शाईचीं. तीं कोणत्या ठरावांवर होतीं हें वाचण्यास आम्ही वांकलों, तों रद्दीवाल्याचा कांटा झाला होता.