तगाई : कचेरींतील आणि शेतावरील

‘तगाई’ हा शब्द अरबी ‘तकावी’वरून आपल्या भाषेंत आला. बळ देणें ही कल्पना त्याच्या मुळाशीं आहे. पेशवाईंतही पडित जमीन लागवडीस आणण्याकरितां सरकारांतून रयतेस तगाई मिळत असे. तेव्हां राज्यानें शेतकऱ्यास कर्जाऊ रक्कम द्यावी, ही कल्पना इंग्रजांनीं येथें आणली असें नव्हे. त्यांनीं तिला कायद्याचें रूप दिलें.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें फोडलीं. त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. चौकशी होऊन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु सावकाराचा हात आखडला म्हणून कुणब्याची नड थोडीच भागते! यासाठीं १८८३ मध्यें विहिरी खणणें, जमिनीची धूप थांबविणें अशा कामांसाठीं, आणि १८८४ मध्यें बीं व बैल यांसाठीं कर्ज देण्याचे दोन कायदे झाले.

कायद्यांचा हेतु उत्तम होता. अडचण होती ती शेतापासून कचेरीपर्यंतच्या वाटेंत. अर्ज, तारण, चौकशी हीं सर्व अक्षरओळख नसलेल्या माणसानें निभवावयाचीं. आणि वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणें सक्तीची. सावकार महाग खरा, पण तो गावांतच होता आणि पेरणीच्या दिवशीं पैसा देत होता. ही उणीव ओळखून सर विल्यम वेडरबर्न यांनीं १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. न्यायमूर्ति रानडे यांचा तिला पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकारही अनुकूल झालें. लंडनच्या भारतमंत्र्यांनीं मात्र ती नामंजूर केली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतर १९०४ मध्यें आला.

जमिनीच्या रक्षणाची कथाही अशीच आहे. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सुचविलें होतें कीं, लष्कर व पोलीस खात्यांतील शिपायांकडून ताली-बंधारे घालवावे, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरेल. अनेकांच्या शेतांवरून एकच बांधबंदिस्ती करण्याची सोय असलेला मुंबई इलाख्याचा जमीनसुधारणा योजना कायदा १९४२ चा आहे. मधल्या सुमारें साठ वर्षांत किती माती ओढ्यांनीं वाहून गेली असेल, याचा हिशेब कोणत्या दप्तरांत सांपडणार?

आज नाबार्ड आहे, जिल्हा बँका आहेत, योजनांची संख्याही मोठी आहे. तरी सुप्याच्या काळचा प्रश्न जुना झालेला नाहीं. योजनेची खरी परीक्षा तिच्या तरतुदीच्या आंकड्यांत नसून, दोन एकरांच्या धन्यास ती मृगापूर्वीं सांपडते कीं नाहीं, यांत आहे. ज्या घरांत अर्ज वाचतां येतो, त्या घरानें शेजारच्या बांधावर जाऊन तो वाचून दाखविला, तर कायद्याचें अपुरें राहिलेलें काम पुष्कळ पुढें जाईल.