भिंतीपलीकडचं फोल्डर

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय घरगुती आहे. सिनेमा आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, टीव्ही बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. आज मोबाइलवर बोट फिरवलं की चित्र टीव्हीवर उमटतं, त्यामुळे ही भिंत कधी होती हेच विसरायला होतं. पण २००२ च्या आसपास ती चांगली जाडजूड होती. तिला पहिलं मोठं भगदाड पडलं ते एका गेमिंग कन्सोलमधून. कन्सोल मायक्रोसॉफ्टचा, भगदाड मात्र मायक्रोसॉफ्टने पाडलेलं नव्हे.

आधी फोल्डरची गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एक प्रोटोकॉल रचला. कल्पना साधी: दुसऱ्या मशीनवरची फाइल आपल्याच डिस्कवर आहे असं डॉसला भासवायचं. त्याचं नाव पडलं एसएमबी. पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपलासा केला, वाढवला, आणि विंडोजमध्ये फोल्डर 'शेअर' करण्यामागे तोच राबू लागला. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन उलट्या तिरप्या रेघा, पुढे कुणाच्या तरी मशीनचं नाव, आणि अख्ख्या विंगचा सिनेमांचा साठा समोर!

अडचण एकच. ही भाषा बोलायची तर कंपन्यांचंच सॉफ्टवेअर हवं. ते कुलूप उघडलं कॅनबेरात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतला अँड्र्यू ट्रिजेल हा पीएचडीचा विद्यार्थी. १९९१ च्या डिसेंबरात त्याने तारेवरून जाणारी पाकिटं नुसती बघत बसून तो प्रोटोकॉल ओळखायला सुरुवात केली. नंतर त्याने ही रीत समजावून सांगितली ती फ्रेंच कॅफेचं उदाहरण देऊन. भाषा येत नाही, मग कोपऱ्यात बसा, गिऱ्हाईक काय बोलतं आणि वेटर काय आणून ठेवतो ते बघा, मग स्वतः बोलून पाहा. त्यातून निघालेल्या सॉफ्टवेअरचं नाव सांबा. आधीच्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला, म्हणून याने शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं या क्रमाने असणारे शब्द शोधले आणि त्यातून हा उचलला. सांबा फुकट, सोर्स कोड उघडा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डबा. १५ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकेत एक्सबॉक्स बाजारात आला. आत काय होतं? ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जातीचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, ८ जीबीची हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची केबल लावायची खाच. म्हणजे पीसीच की हो, फक्त टीव्हीखाली ठेवायचा! पण हा पीसी मालकाचं ऐकत नव्हता. कंपनीची डिजिटल सही असलेलाच प्रोग्राम चालणार, दुसरा नाही. साधी डीव्हीडी पाहायची तरी वेगळा रिमोट किट विकत घ्यावा लागे, ड्राइव्ह आत असूनसुद्धा. कंपनीचा हिशेब उघड होता: यंत्र तोट्यात विकायचं आणि गेममधून वसूल करायचं. धंदा म्हणून मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूने 'आधी कंपनीला विचार' म्हणायचं, हे काही लोकांना झोंबलं.

त्यातला एक एमआयटीचा अँड्र्यू हुआंग, सगळे त्याला 'बनी' म्हणतात. एक्सबॉक्सच्या एका चिपमध्ये ५१२ बाइटांचा छोटासा गुप्त प्रोग्राम दडवलेला होता. मशीन चालू होताना तोच आधी धावतो आणि पुढचं कुलूप उघडतो. किल्ली दोन चिपांच्या मधल्या तारांवरून जाते, हे बनीने हेरलं. त्या तारांवर स्वतः बनवलेलं सर्किट बसवून त्याने धावत्या माहितीतून किल्ली टिपली आणि मे २००२ मध्ये सगळी रीत लिहून प्रसिद्ध केली. त्यावरच्या पुस्तकाला आधीच्या प्रकाशकाने अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या धास्तीने नकार दिला. पुस्तक तरीही आलं, २००३ मध्ये. पुढे कुणी बोर्डावर मॉडचिप डकवायला लागलं, कुणी मेकअ‍ॅसॉल्टसारख्या गेमच्या 'सेव्ह' फाइलमध्ये गडबड करून, स्क्रू न काढताच, कन्सोलला आपला प्रोग्राम चालवायला लावायला लागलं. असं केलेला कन्सोल एक्सबॉक्स लाइव्हवर दिसला की त्याला तिथून हाकलत, तो भाग वेगळा.

हे मुख्यतः पायरेटेड गेमसाठी झालं का? बऱ्याच अंशी हो, उगाच डोळे मिटून दूध कशाला प्यायचं. पण कुलूप उघडल्यावर काही जणांना गेममध्ये रसच नव्हता. त्यांना दिसला टीव्हीला जोडलेला, नेटवर्क असलेला, स्वस्तातला कॉम्प्युटर. २००२ मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेअर निघाला. करणारे एकमेकांना टोपणनावांनीच ओळखायचे. एक 'फ्रोडो', एक 'रनटाइम', आणि तिसऱ्याचं नाव म्हणजे अक्षरं-आकड्यांची अशी खिचडी की मला ते माइकवर वाचताच आलं नाही. व्हिडिओ उलगडायचं काम त्यांनी हंगेरीत सुरू झालेल्या एमप्लेअरवर सोपवलं. डिसेंबर २००३ मध्ये जुना प्रकल्प थांबवून नवा सुरू झाला, एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी. पहिली पक्की आवृत्ती जून २००४ ची.

आता माझ्या मते खरी मेख इथे आहे. सुरुवातीला सिनेमा आतल्या खोलीतून बाहेर आणायचा तर कॉम्प्युटरवर एक खास सर्व्हर प्रोग्राम टाकून तो चालू ठेवावा लागे. घरातल्या एकाच उत्साही माणसाला जमणारं काम. मग त्यांनी सांबाचा कोड कन्सोलवर आणला. बस्स! आता कॉम्प्युटरवर काहीच टाकायचं नाही. फोल्डरवर उजवं क्लिक, 'शेअर', आणि बाहेरच्या खोलीत गेमचा कंट्रोलर हातात घेऊन तेच फोल्डर उघडायचं. मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर, मायक्रोसॉफ्टच्याच प्रोटोकॉलने, मायक्रोसॉफ्टच्या विंडोजशी बोलणं; आणि मधला दुभाषी कॅनबेराचा.

नेटवर्कला हे पेलायचं का? गणित करू. त्या काळी सिनेमा एका सीडीत बसेल असा दाबायचे, ७०० एमबी. शंभर मिनिटांच्या सिनेमाला सेकंदाला साधारण एक मेगाबिट पडतो. कन्सोलची केबल १०० मेगाबिटची. डीव्हीडीची जशीच्या तशी प्रत घेतली तरी जास्तीत जास्त दहाएक मेगाबिट. म्हणजे केबल जवळपास रिकामीच. घाम फुटायचा तो प्रोसेसरला, हाय डेफिनिशन समोर आलं की. अकरा मेगाबिटचं जुनं वायफाय लावलेल्यांची गोष्ट निराळी. कागदावर अकरा, हातात निम्मे, त्यात सीडीवाला सिनेमा निघून जाई आणि डीव्हीडी अडखळे.

एक गोष्ट मात्र त्यांना कधीच सोडवता आली नाही. कोड त्यांचा, पण तो कन्सोलवर चालेल असा बांधायला मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट किट लागे, आणि ते परवान्याशिवाय कुणाला वापरता येत नव्हतं. म्हणून प्रकल्पाच्या साइटवर फक्त सोर्स कोड. तयार प्रोग्राम लोक आडवाटेने मिळवायचे. पाककृती कायदेशीर आणि पदार्थ बेकायदा, असा प्रकार.

कंपन्या काय करत होत्या? सोनी, इंटेल वगैरे मंडळींनी २००३ मध्ये एक गट काढला, तोच पुढे डीएलएनए. २००५ चा एक्सबॉक्स ३६० आणि २००६ चा प्लेस्टेशन ३ घरातल्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे दाखवू लागले, पण फोल्डर उघडून नव्हे. फरक असा समजा: एसएमबी म्हणजे स्वयंपाकघराची किल्ली हातात. तुम्ही आत जा, डबे उघडा, काय खायचं ते तुमचं तुम्ही बघा. डीएलएनए म्हणजे खानावळीतला वाढपी. आज काय आहे ते तो सांगणार, आणि तुमच्या कन्सोलला पचतं तेवढंच ताटात पडणार. वाढपी नीट असला तर गैरसोय नाही, पण जोडपत्राची सबटायटल फाइल, दोन सीडीत तुटलेला सिनेमा, वेगळ्या डब्यात भरलेला व्हिडिओ, असं काही आलं की गाडं अडे. त्या वेळचं सर्वांत जास्त चालणारं डिव्हएक्स आणि एक्सविड एक्सबॉक्स ३६० ला कळायला २००७ चा डिसेंबर उजाडला. हौशी लोकांच्या कन्सोलवर ते २००२ पासून चालत होतं.

पुढचं थोडक्यात, कारण ते बऱ्याच जणांना माहीत आहे. एक्सबीएमसी लिनक्स, मॅक, विंडोजवर गेलं, त्याच्या एका फांदीतून प्लेक्स झालं, २०१० मध्ये जुन्या एक्सबॉक्सची शाखा वेगळी काढून दिली गेली. नावातल्या 'एक्सबॉक्स'ला अर्थ उरला नाही म्हणून २०१४ मध्ये नाव बदलून कोडी केलं. ज्या यंत्राने जन्म दिला ते अशा रीतीने घरातूनच बाहेर.

पण जुने डबे मरत नाहीत. ते चालू ठेवणारे लोक अजून आहेत, आणि त्यांना खरा फटका बसला तो मे २०१७ मध्ये. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर हॉस्पिटलांपासून कारखान्यांपर्यंत मशीनं बंद पाडली, आणि तो शिरला होता एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षाअखेरीच्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये ही आवृत्ती नव्याने बसवताना बंदच येऊ लागली. २०१९ मध्ये सांबानेही तेच केलं. योग्यच केलं. पण जुन्या एक्सबॉक्सला तेव्हा येत होती ती तेवढीच बोली. एके दिवशी नवा कॉम्प्युटर घेतला आणि भिंतीपलीकडचं फोल्डर दिसेनासं झालं.

यावर त्या लोकांनी काढलेला तोडगा असा: एक छोटा रास्पबेरी पाय घ्यायचा, त्यावर सांबा टाकायचा, सेटिंगमध्ये एक ओळ घालून जुनी बोली मुद्दाम चालू करायची, आणि तो इंटरनेटपासून तोडून फक्त घरच्या नेटवर्कवर ठेवायचा. तो पाय स्वतः कोडी चालवू शकतो, एक्सबॉक्सपेक्षा कितीतरी चांगलं. तरी त्याला कपाटामागे ठेवतात, नुसता दुभाषी म्हणून, आणि सिनेमा २००१ च्या काळ्या डब्यावरच लावतात.