१९१८ ची मानमोडी आणि नोंदवहीतील ‘ताप’

इ. स. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाला महाराष्ट्रातील जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत. नाव मानेचे असले तरी या साथीने माणसे मारली ती बहुतांशी फुफ्फुसांच्या वाटेने. ही गोष्ट वैद्यकाच्या अभ्यासकांस परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळण्याचे कारण निराळे आहे: मृत्यूच्या ज्या सरकारी नोंदी आपण पुरावा म्हणून हाती घेतो, त्यांत हा फुफ्फुसदाह आपल्या नावाने क्वचितच भेटतो.

मुंबईत साथीची चाहूल १९१८ च्या जूनमध्ये लागली. १० जून रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरातील दुसरी भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. पाऊस फसलेला, धान्य महागलेले आणि पुष्कळ डॉक्टर युद्धावर गेलेले, अशा वेळी ती आली.

रोगाचा क्रम फसवा असे. ताप उतरे, रोगी उठून बसे, आणि काही दिवसांनी पुन्हा हुडहुडी भरून बरगडीत कळ येई. दीर्घ श्वास घेता येत नसे. (फुफ्फुसाला स्वतःला वेदना जवळजवळ नसते, ती कळ दाह पोचलेल्या आवरणाची.) विषाणू श्वासनलिकेचे अस्तर उद्ध्वस्त करतो आणि एरवी घशात निमूट असणारे जंतू खाली उतरतात. त्या काळी हे कळणे कठीण होते, कारण १८९२ पासून फायफरचा जंतूच इन्फ्ल्युएन्झाचे कारण मानला जाई. मानवी विषाणू सापडला तो १९३३ मध्ये. १९१८ च्या शवविच्छेदनांची २००८ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा बहुतेक मृत्यूंमागे जंतुजन्य फुफ्फुसदाह असल्याचा निष्कर्ष निघाला.

गावोगावच्या नोंदी मात्र डॉक्टरांनी केलेल्या नव्हत्या. ‘ताप’ हे सदर सर्वांना पोटात घेणारे होते. म्हणून हिंदुस्थानातील बळींची संख्या नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंवरून काढावी लागते. तत्कालीन अंदाज ६० लाखांचा होता. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो सुमारे १ कोटी ८५ लाखांवर नेला. २०१२ च्या एका अभ्यासात तो सुमारे १ कोटी ३९ लाख आहे. मतभेद एवढा मोठा आहे.

मुंबईचे जातवार आकडे त्याहून बोलके वाटतात. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, तर त्या वेळी ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदलेल्या हिंदूंत ६१.६. विषाणू जात पाहत नव्हता. पेनिसिलिन नसलेल्या त्या काळात फुफ्फुसदाहावर विश्रांती, अन्न आणि शुश्रूषा एवढाच काय तो आधार होता. हा फरक पुष्कळसा या दुसऱ्या आजारातच पडला असावा, असे आमचे मत आहे. ते नोंदवहीवरून सिद्ध करता येत नाही, कारण तिच्यात दोन्ही आजार एकाच शब्दाखाली पुरलेले आहेत.