हार्ड डिस्क ‘डीफ्रॅग’ करण्यासाठी आजही सॉफ्टवेअर लागते का?

थोडक्यात उत्तर: वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये ती सोय असतेच. संगणकात एसएसडी असेल, तर डीफ्रॅगच्या भानगडीत पडूच नये.

डीफ्रॅग म्हणजे काय?

जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. एकाच खातेदाराची जमीन शिवारात चार ठिकाणी असली, की ये-जा करण्यातच वेळ जातो. त्यासाठीच 1947 मध्ये जमिनीचा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला. हार्ड डिस्कवरही असेच होते. जुन्या फाइल्स डिलीट झाल्या की मध्ये मोकळ्या जागा राहतात आणि नवी मोठी फाइल त्यांत तुकड्यांनी बसते. डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते. तिच्यावरचा हेड एकेक तुकडा शोधत फिरतो, त्यात वेळ जातो. डीफ्रॅग हे तुकडे सलग लावते.

मग आता गरज का नाही?

विंडोज 98 आणि एक्सपीच्या काळात हे काम स्वतः सुरू करावे लागे. 2007 च्या विस्टापासून विंडोज ते ठरलेल्या वेळी आपोआप करते.

एसएसडीत फिरणारा भागच नसतो. तुकडे कुठेही असले तरी वाचायला जवळपास सारखाच वेळ लागतो. उलट तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, म्हणून वारंवार डीफ्रॅग केल्यास आयुष्य विनाकारण घटते.

आपल्याकडे काय आहे, कसे पाहाल?

विंडोज 10 किंवा 11 मध्ये स्टार्टवर ‘डीफ्रॅग’ शोधा. उघडलेल्या खिडकीत ‘मीडिया टाइप’खाली हार्ड डिस्क की सॉलिड स्टेट ते दिसते.

खरा धोका कुठे?

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांवर जातो. बंद खोलीतल्या, धुळीने भरलेल्या संगणकाला ही उष्णता सोसत नाही. अशा वेळी संगणक मंदावला, डिस्कमधून टकटक आवाज आला किंवा फाइल्स उघडेनाशा झाल्या, तर डीफ्रॅग करू नका. त्यात बराचसा डेटा इकडून तिकडे हलतो आणि खराब होत आलेली डिस्क मधेच बंद पडू शकते. दुकानाचा हिशेब असो की लग्नाचे फोटो, आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

डिस्क ठणठणीत असूनही संगणक मंद असेल, तर डीफ्रॅगपेक्षा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने कितीतरी जास्त फरक पडतो.