घरावरचं नाव आणि घरातला हक्क



घरातला कर्ता माणूस जातो. दिवसकार्य आटोपतं, पाहुणे पांगतात आणि मग ओसरीवर हळूच एक प्रश्न निघतो : "घर आता कोणाच्या नावावर चढवायचं?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : "बहिणींची नावं लावायची, की कमी करून घ्यायची?" हे प्रश्न आपल्याला आजचे वाटतात, पण त्यांच्यामागे काही शतकांचा इतिहास उभा आहे. तो समजून घेण्यासाठी आपण जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ या गावी जाऊ.

जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचे थोरले चिरंजीव गंगाधर आणि धाकटे नारायण. नारायणाचा जन्म १६०८ चा. या घराण्याकडे गावचं कुलकर्णपण होतं, असं परंपरा सांगते. कुलकर्णी म्हणजे गावची जमीन आणि गावचं देणं नावानिशी लिहून ठेवणारा माणूस. वडील लवकर वारले. पुढे बारा वर्षांचा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून निघाला, तो नाशिकजवळच्या टाकळीला पोचला. चोवीस वर्षांनी तो आईच्या भेटीला जांबेत आला आणि पुन्हा निघून गेला, असं चरित्रकार लिहितात. नावं लिहिणाऱ्याच्याच घरातून एक नाव निघून गेलं म्हणा ना!

ही कथा आपण शाळेत ऐकलेली आहे. आज तिला एक साधा, व्यवहाराचा प्रश्न विचारू या. त्या चोवीस वर्षांत जांबेच्या घरात नारायणाचा वाटा होता की नव्हता?

याचं उत्तर 'मिताक्षरा' या ग्रंथात सापडतं. तो विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिला. ही कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या वेशीवरचं आजचं बसवकल्याण. मिताक्षरा सांगते की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क त्याच्या जन्मापासूनच असतो. मुलगा परगावी गेला म्हणून तो बुडत नाही. पण कोणी संन्यास घेऊन दुसऱ्या आश्रमात गेला, तर मात्र घरातला त्याचा वाटा सुटतो. यातली खूण लक्षात ठेवा, बरं का. संन्यास ज्याचा त्याने घ्यायचा असतो. भावाला कोणी भावाच्या वतीने संन्यासी करू शकत नाही. नाव दुसरा माणूस पुसू शकतो. हक्क मात्र ज्याचा त्यानेच सोडावा लागतो.

गावचा रिवाजही याच वळणाचा होता. दुष्काळात किंवा धामधुमीत मिरासदार परागंदा झाला, तर त्याची जमीन दुसरा कोणी कसे. पण अनेक वर्षांनी तो परत आला, तर त्याला आपली मिरास मागता येई. तंटा झालाच, तर गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. गावची आठवण हेच गावचं दप्तर होतं.

आता घराकडे येऊ. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. सरकारला सारा मिळे तो काळीतून. म्हणून निजामाच्या राज्यातही मोजणी झाली ती काळीची. तिला सर्व्हे नंबर मिळाले, पाहणीपत्रकं झाली, पुढे सातबारा आला. पांढरी मात्र बहुतेक गावांत मोजणीवाचून राहिली. तुमच्या शेताला सातबारा आहे आणि गावठाणातल्या घराला नाही, याचं कारण हे आहे.

मग घरावर नाव आलं कुठून? ते आलं करातून. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली घरपट्टी बसू लागली. पट्टी कोणाकडून घ्यायची, ते लिहिण्यासाठी आकारणीची नोंदवही ठेवली गेली. तिलाच आपण नमुना आठ म्हणतो. (शेताच्या खात्याचा 'आठ अ' तो वेगळा, पुष्कळांची इथे गल्लत होते.) या वहीत बहुधा एकच नाव लिहिलं जाई, कर्त्या पुरुषाचं. लोक त्यालाच मालकी समजू लागले. वास्तविक ते पट्टी भरणाऱ्याचं नाव. नुसत्या नोंदीने मालकी येत नाही आणि नोंद कमी झाल्याने ती जात नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितलेलं आहे.

या एका नावाने सर्वांत जास्त झाकलं असेल, तर घरातल्या बाईला. गोदाकाठच्या पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले नीलकंठ हे समर्थांच्याच शतकातले. त्यांनी 'व्यवहारमयूखा'त, जवळचे वारस नसतील तेव्हा, बहिणीलाही भावाच्या वारसांच्या रांगेत मानाची जागा दिली होती. पण ती अपवादाची जागा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांची वारस केलं, तरी घरापाशी हात आखडता घेतला. राहत्या घरात तिचा हिस्सा होता, पण भाऊ वाटणी करीपर्यंत तिला ती मागता येत नसे. सासरी नांदणाऱ्या लेकीला तिथे राहण्याचाही हक्क नव्हता.

पुढचा रस्ता लांबचा आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावाने जमीन केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला मुलाप्रमाणे जन्मानेच हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. राज्य शासनाने २००३ मध्ये गावातली घरं नवराबायको दोघांच्या नावे नोंदवायला सांगितलं. २००५ मध्ये संसदेने लग्न झालेल्या लेकींनाही तो जन्महक्क दिला आणि राहत्या घराची ती आडकाठी काढून टाकली. वडील २००५ मध्ये हयात नसले, तरी लेकीचा हक्क राहतो, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये केला. हे सारं हिंदू कुटुंबांचं आणि वडिलोपार्जित घराचं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरावर मुलामुलींना जन्माने हक्क नाही. पण ते मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांची बायको, आई, मुलगे आणि मुली सारखे वारस होतात.

तेव्हा ओसरीवरच्या प्रश्नाकडे परत येऊ. नाव चढवायचं, तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यावीत; "सगळ्या" या शब्दात बहिणी आल्या, आई आली. नाव कमी करायचं, तर तो माणूस राजीखुशीने तयार हवा आणि त्याचं हक्कसोडपत्र नोंदणी कचेरीत नोंदलेलं हवं. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवून "इथं सही कर" म्हणणं, ही राजीखुशी नव्हे.

हे आज सांगायचं कारण असं, की इतके दिवस राहिलेली पांढरी आता मोजली जात आहे. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याची सुरुवात झाली आणि २०२० पासून 'स्वामित्व' योजनेने ते काम देशभर नेलं. त्यातून घराला मिळकत पत्रिका मिळते. मोजणीवाले भिंती मोजतील. भिंतीआड कोणाचा हक्क आहे, ते आपणच सांगायचं आहे. चौकशीच्या दिवशी जे नाव सांगायचं राहील, ते पुढे लावण्यासाठी कदाचित नातीला कोर्टाची पायरी चढावी लागेल.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. इतिहासाच्या तासाला मुलांना आपापल्या घराची वंशावळ काढायला सांगा. पणजोबांपासून सुरुवात करा आणि आत्यांची नावं गाळू देऊ नका. मग नमुना आठचा उतारा तिच्याशेजारी ठेवा. कोणती नावं वहीत आली नाहीत, ते मुलं आपणहून विचारतील.

नारायण जांबेहून निघाला, तो आपल्या पायांनी. आपल्या घरच्या लेकीबाळींना तेवढी मोकळीक तरी असावी. हक्क ठेवायचा की सोडायचा, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.